वसईचे संत गोन्सालो गार्सिया

प्रपंचाच्या कामांतून भक्तीस सवड मिळत नाहीं, अशी तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. म्हणून धर्मग्रामाच्या या ज्युबिलीप्रसंगीं आम्ही आपल्याच महाराष्ट्रांतील एका संताचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

गोन्सालो यांचा जन्म सोळाव्या शतकांत वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता येथीलच. येशूसंघीय गुरूंजवळ शिकून ते तरुणपणींच जपानांत गेले व धर्मशिक्षक म्हणून राबले. येशूसंघांत प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा मात्र सफळ झाली नाहीं. तेव्हां त्यांनीं व्यापार धरिला व तो चांगला चालला. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत धर्मबंधु झाले. याजक ते कधींच नव्हते. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानांत गेले, तेव्हां दुभाषा म्हणून हेच त्यांच्या सोबतीस होते. लोकांत वावरून कमाविलेली भाषा अशी प्रभूच्या कामीं आली. हिदेयोशीच्या हुकुमानें ते पकडले गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २६ जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. १८६२ सालीं पोप ९ वे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

परभणीच्या आपल्या मुलुखांत कोणी कापूस वेंचतो, कोणी मोंढ्यांत माप घालतो. भक्ति वेदीपाशींच होते, असा समज कदाचित् आम्हां धर्मगुरूंनींच होऊं दिला असेल. मोंढ्यांतलें खरें मापही प्रभूस वाहतां येतें. संत गोन्सालो यांनीं आपणां सर्वांकरितां विनंती करावी, हीच प्रार्थना.