लंगडा राजा

स्पार्टा म्हटले की आपल्याला थर्मोपिलीच्या खिंडीतला लिओनिडास आठवतो. मला मात्र ओढ वाटते ती अ‍ॅजेसिलाउसची. अंगाने लहानखुरा, एका पायाने लंगडा आणि गादीची फारशी आशा नसलेला हा राजपुत्र.

स्पार्टाची रीत न्यारी. तिथे एकाच वेळी दोन घराण्यांतले दोन राजे असत. युद्धात सैन्याची धुरा त्यांच्याकडे. पण दरवर्षी निवडलेले पाच एफोर त्यांना दंडही ठोठावू शकत. युवराजाला सक्तीच्या खडतर शिक्षणातून सूट होती. अ‍ॅजेसिलाउस धाकटा, म्हणून चारचौघांच्या पोरांत अर्धपोटी, अनवाणी वाढला. आपल्या पायावरचा पहिला विनोद तो स्वतःच करी.

इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास थोरला सावत्र भाऊ आगिस वारला. वारस त्याचा मुलगा लिओटिकिडास. पण त्याचा खरा बाप अथेन्सहून पळून आलेला अल्सिबियाडिस, अशी कुजबुज होती. मरताना आगिसने मुलाला आपले म्हटले, तरी वाद पेटलाच. विरोधकांनी लंगड्या राज्यापासून सावध करणारी जुनी देववाणी पुढे केली. सेनापती लायसँडरने अर्थच फिरवला : दोष पायाचा नव्हे, रक्ताचा! अ‍ॅजेसिलाउस राजा झाला. तो मुठीत राहील, हा लायसँडरचा होरा मात्र चुकला. आशियातल्या मोहिमेत राजाने त्याला चक्क मांस वाढण्याच्या कामावर नेमले.

घरात हाच राजा मुलांबरोबर काठीचा घोडा करून खेळे. थीब्जचा मात्र त्याने आंधळा द्वेष केला, आणि इथे मला त्याची बाजू घेता येत नाही. इ. स. पूर्व ३७१ मध्ये तहातून त्याने थीब्जला वगळले. वीसेक दिवसांतच ल्यूक्ट्राच्या रणात सातशेपैकी चारशे अस्सल स्पार्टन नागरिक पडले. दुसरा राजाही पडला. शत्रू स्पार्टाच्या वेशीपर्यंत आला. ज्या मेसेनियाच्या शेतीवर स्पार्टा पोसले जाई, तो प्रांत कायमचा गेला.

तिजोरी रिकामी. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा मग भाड्याचा सेनापती म्हणून इजिप्तला गेला. जाड्याभरड्या वस्त्रात गवतावर बसलेला राजा पाहून तिथले लोक हसले. २३० टॅलंट चांदी कमावून परतताना तो वाटेतच वारला. राजाचा देह मधात ठेवून घरी न्यायचा रिवाज होता. मध मिळाला नाही, म्हणून सोबत्यांनी मेण वितळवून ओतले आणि त्याला स्पार्टाला आणले. गादीवर त्याचा मुलगा आर्किडामस बसला.