केटरिंग आणि नॉकिंग

गाडी आज बसल्या जागी स्टार्ट होते, ती चार्ल्स केटरिंगमुळे. जन्म १८७६, अमेरिकेतलं ओहायो. डोळे अधू, त्यामुळे कॉलेज मध्येच सुटलं. टेलिफोनच्या लाइनवर काम करून १९०४ मध्ये इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली. (इयर डाऊनवाल्यांनो, ऐकताय ना?) कॅश रजिस्टरला मोटर बसवताना त्याने हेरलं, की क्षणभराचा लोड छोटी मोटरही ओढते. त्यावरूनच १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला, हँडल मारणं गेलं.

पण खरी गोष्ट नॉकिंगची. इंजिन ठोकायला लागलं की लोक खापर फोडायचे त्याच्या बॅटरी इग्निशनवर. त्याने वाद घातला नाही, सहकारी मिडग्लीला सिलिंडरमधलं प्रेशर तपासायला बसवलं. स्पार्क ठीक होता. प्रेशर उसळत होतं त्याच्यानंतर. म्हणजे दोष पेट्रोलचा! १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं आणि नॉकिंग थांबलं. शिसं विषारी, हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात पाच कामगार दगावले, तरी केटरिंग मागे हटला नाही. फॉल्ट शोधण्यात त्याचा हात धरणारा विरळाच, पण इथे त्याची बाजू घ्यावीशी वाटत नाही. १९५८ मध्ये तो वारला. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.