हेन्री गॉडविन-ऑस्टिन : हिमनद्यांचा नकाशाकार

नकाशा आपण क्षणभर पाहतो व मिटून ठेवतो. त्यातील एकेका रेषेमागे कोणाची तरी पायपीट असते, हे प्रस्तुत चरित्रातून तुमच्या लक्षात येईल.

हेन्री गॉडविन-ऑस्टिन यांचा जन्म १८३४ मध्ये इंग्लंडमधील टेनमथ येथे झाला. सैन्यात दाखल होऊन ते हिंदुस्थानात आले आणि काश्मीरच्या सर्वेक्षणात माँटगोमेरी यांच्या हाताखाली काम करू लागले. माँटगोमेरी यांनी १८५६ मध्ये दूरच्या डोंगरावरून काराकोरम पर्वतातील दोन शिखरे टिपून त्यांना के-१ व के-२ अशी खुणेची नावे दिली होती. शिखराचे स्थान कळले. पायथ्याचा प्रदेश मात्र नकाशावर कोराच होता.

१८६१ मध्ये गॉडविन-ऑस्टिन त्या प्रदेशात शिरले. त्यांची कार्यपद्धती समजून घ्या. तिपाईवर सपाट फळी, फळीवर कागद आणि नेम धरण्याची पट्टी. उंचावर चढायचे, ज्ञात शिखरांच्या आधारे आपले स्थान ठरवायचे आणि समोरची प्रत्येक धार, प्रत्येक वळण कागदावर उतरवायचे. बियाफो, पनमा आणि सुमारे ६० कि.मी. लांबीची बाल्टोरो या हिमनद्या अशाच रेखाटल्या गेल्या. बाल्टोरोच्या कडेचा उतार चढून त्यांनी के-२ न्याहाळले आणि त्याच्या या बाजूच्या हिमनद्यांचे पाणी सिंधूला मिळते, हे दाखवून दिले. राज्याची सीमा पाणलोटावरून आखली जात असल्याने या निरीक्षणाला राजकीय महत्त्वही होते. मुझताग खिंडीतून मात्र खराब हवामानामुळे त्यांना माघारी फिरावे लागले.

पुढे त्यांनी भूतान व आसामच्या डोंगरांत सर्वेक्षण केले. प्रकृती खालावल्याने १८७७ मध्ये ते निवृत्त झाले. उरलेले आयुष्य त्यांनी शंख-शिंपल्यांतील जीवांच्या अभ्यासास वाहिले. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

८,६११ मीटर उंचीच्या के-२ ला त्यांचे नाव द्यावे, अशी सूचना लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत झाली होती; ती अधिकृतपणे स्वीकारली गेली नाही. शिखर खुणेच्या नावानेच ओळखले जाते; पायथ्याची हिमनदी मात्र गॉडविन-ऑस्टिन यांचे नाव धारण करते. ज्या बाल्टी हमालांनी ओझी वाहिली आणि वाट दाखवली, त्यांची नावे त्या नकाशावर नाहीत. चरित्र वाचताना नायकाच्या कर्तृत्वाबरोबरच त्याला साथ देणाऱ्या या अनाम माणसांचाही विचार तुम्ही करावा.