पक्षिमित्र डॉ. सलीम अली

मुंबईहून लाँचने समुद्र ओलांडून मांडव्याला उतरले, की थोड्याच अंतरावर किहीम नावाचे गाव लागते. हे गाव अलिबाग तालुक्यात आहे. समोर वाळूचा लांब किनारा आणि मागे नारळीच्या वाड्या. हिवाळ्यात पक्षी पाहणारे हौशी लोक सकाळी येथे येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांच्याबरोबर एखादा जाणकार असतो. ओल्या वाळूवर तुरुतुरु धावणारे तुतवार, पाण्यावर घिरट्या घालणारे कुरव तो त्यांना बोटाने दाखवतो. एकच दुर्बीण सर्वांच्या हातांतून फिरते.

१९३० सालच्या पावसाळ्यात याच गावात एक गृहस्थ रोज तासन्तास एका झाडाकडे पाहत बसत. त्यांची नोकरी गेली होती. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. पुढे हेच गृहस्थ भारतातील पक्ष्यांचे सर्वांत मोठे अभ्यासक म्हणून जगभर ओळखले गेले. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते भावंडांत सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सर्व भावंडांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले. खेतवाडीतील त्यांचे घर मुलांनी नेहमी भरलेले असे.

मामांना शिकारीची आवड होती. त्यांनी छोट्या सलीमला हवेची बंदूक दिली होती. दहा-बारा वर्षांचा सलीम या बंदुकीने चिमण्या मारी. एके दिवशी त्याने मारलेली चिमणी वेगळीच निघाली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी खाणे मुसलमानाला चालेल की नाही, अशी शंका त्याच्या मनात आली. म्हणून तो ती घेऊन मामांकडे गेला. मामांनाही तो पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कचेरीत पाठवले. तेथे मिलार्ड नावाचे इंग्रज चिटणीस होते.

गोऱ्या साहेबासमोर जाताना सलीमची छाती धडधडत होती. पण मिलार्ड साहेब रागावले नाहीत आणि हसलेही नाहीत. त्यांनी चिमणी निरखून पाहिली व तिची जात सांगितली. मग एकेक खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. वाचायला पुस्तकेही दिली. एका मुलाच्या साध्या प्रश्नाला त्या दिवशी नीट उत्तर मिळाले. त्यामुळे त्याच्या आयुष्याची दिशा बदलली.

मात्र पुढची वाट सोपी नव्हती. डोकेदुखीच्या आजारामुळे शाळेत वारंवार खंड पडला. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. त्यानंतर घरच्या धंद्यात मदत करण्यासाठी ब्रह्मदेशात गेले. तेथे खाणी व लाकूड यांचा व्यापार होता. पण सलीम अलींचे लक्ष हिशेबापेक्षा जंगलातील पक्ष्यांकडेच अधिक असे. १९१७ साली मुंबईला परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ साली तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. अखेर १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार होता दरमहा ३५० रुपये. पाहायला येणाऱ्या लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगायची, हे त्यांचे काम होते. मिलार्ड साहेबांनी त्यांच्यासाठी जे केले, तेच आता ते इतरांसाठी करू लागले.

अधिक शिकण्यासाठी रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिन येथे प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रीय पद्धत आत्मसात केली. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे कामही ते शिकले. १९३० साली मोठ्या उमेदीने ते मायदेशी आले. पण पैशांअभावी त्यांची जागाच बंद करण्यात आली होती. संसार होता आणि उत्पन्न नव्हते. अशा वेळी ते व तेहमिना किहीमच्या घरी राहायला गेले.

तेथे जवळच झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. उर्दूत आपण ज्याला बया म्हणतो, तोच हा पक्षी. दुसरा कोणी नशिबाला दोष देत बसला असता. सलीम अली मात्र या पक्ष्यांकडे पाहत बसले. आडोशाला बसून प्रत्येक घरट्याची ते वेगळी नोंद ठेवू लागले.

मराठीत सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी आहे. पण घरटे विणतो तो नर! गवताच्या व पात्यांच्या धाग्यांनी तो ते विणत जातो. घरटे अर्धे झाले, की माद्या येतात आणि ते आतून-बाहेरून पाहतात. मादीला घरटे पसंत पडले, तर नर ते पुरे करतो. त्याला लांब नळीसारखी वाट करतो. मादी आत अंडी घालते आणि तीच ती उबवते. नर मात्र दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. नापसंत घरटी अर्धवट लोंबकळत राहतात. ही हकिकत सलीम अलींनी नोंदींच्या आधारे मांडली. हा लेख १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यांची कीर्ती पसरली.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ अशा संस्थानांतील पक्ष्यांची त्यांनी पाहणी केली. ते पगार मागत नसत, फक्त प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च घेत. तेहमिना अनेकदा सोबत असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींना हा घाव फार मोठा होता. बहीण व मेहुणे यांनी त्यांना आधार दिला. कामातच त्यांनी आपले दुःख बुडवले.

१९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. सामान्य माणसालाही पक्षी ओळखता यावेत, अशी त्याची मांडणी आहे. नंतर अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. दूरदेशांहून येणाऱ्या पक्ष्यांची वाट कळावी म्हणून हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची मोठी मोहीम त्यांनी चालवली. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे क्षेत्र आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचावे, म्हणूनही ते झटले. अभ्यासासाठी काही पक्षी मारून जतन करावे लागत. पण उगाच पक्षी मारणे त्यांना पटत नसे.

१९७६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. १९८५ साली ते राज्यसभेचे सभासद झाले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अलींचे नाव दिले आहे. तेथे होडीतून खारफुटीच्या झाडीत जाता येते. फांदीवर एखादा खंड्या स्थिर बसलेला असतो. अशा वेळी सोबतच्या मुलाने विचारले, हा कोणता पक्षी, तर त्याला गप्प बसवू नये. उत्तर ठाऊक असेल तर सांगावे, नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. सलीम अलींच्या मामांनी आणि मिलार्ड साहेबांनी एवढेच केले होते.