युद्धकैदी म्हणून पकडलेला डॉक्टर आणि चिलगोज्याचे शास्त्रीय नाव. कोण होते नॅथॅनियल वॉलिच?

सुकामेव्याच्या दुकानात चिलगोजा बदाम-काजूपेक्षा महाग मिळतो. ही लांबट बी हिमाचल प्रदेशातील किन्नौरमध्ये वाढणाऱ्या पाइन वृक्षाची आहे. या वृक्षाला ‘पायनस जेरार्डियाना’ हे नाव सुचवणारे नॅथॅनियल वॉलिच भारतात डॉक्टर म्हणून आले आणि थोड्याच काळात कैदी झाले.

कैद का झाली?

वॉलिच यांचा जन्म २८ जानेवारी १७८६ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. १८०७ मध्ये ते बंगालमधील श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीत सर्जन म्हणून रुजू झाले. मात्र नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क ब्रिटनच्या विरोधात गेला. ब्रिटिशांनी श्रीरामपूर ताब्यात घेतले आणि वॉलिच युद्धकैदी ठरले. त्यांना तारले ते वनस्पतींच्या ज्ञानाने. १८०९ मध्ये त्यांची पॅरोलवर सुटका झाली.

पुढे काय केले?

१८१४ मध्ये त्यांनी एशियाटिक सोसायटीला संग्रहालयाची कल्पना दिली आणि स्वतःकडील वस्तूही देऊ केल्या. कोलकात्यातील आजचे इंडियन म्युझियम त्यातूनच उभे राहिले. १८१७ पासून १८४६ पर्यंत ते कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचे प्रमुख होते. १८२८ मध्ये हजारो वाळवलेले नमुने घेऊन ते लंडनला गेले. त्यांचे संच करून त्यांनी युरोपातील अभ्यासकांना वाटले.

चिलगोज्याशी संबंध काय?

हिमालयात फिरणाऱ्या जेरार्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ वॉलिच यांनी हे नाव योजले. शास्त्रीय वर्णन मात्र डेव्हिड डॉन यांनी प्रसिद्ध केले. म्हणून नावापुढे आजही दोघांचा उल्लेख होतो. २८ एप्रिल १८५४ रोजी लंडनमध्ये वॉलिच यांचे निधन झाले. हिमालयातील निळ्या पाइनला पुढे त्यांचेच नाव मिळाले: ‘पायनस वॉलिचियाना’.

आज धोका कशाचा?

चिलगोज्याची बी हेच किन्नौरमधील अनेक कुटुंबांचे रोख उत्पन्न आहे आणि नवे झाडही त्याच बीतून उगवते. जवळपास सगळी बोंडे उतरवली, तर जमिनीवर बी पडतच नाही. त्यात झाडाची वाढ अतिशय संथ. त्यामुळे जुनी झाडे उभी दिसत असली, तरी त्यांची जागा घेणारी रोपे कमी आहेत. काही बोंडे झाडावरच राहू देणे, हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.