जखमींचा सेवक : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूची हकिकत आपल्या घराघरांत परिचित आहे. मदीनेच्या मस्जिदीत उभारलेल्या त्या तंबूत त्या जखमींची शुश्रूषा करीत. खंदकच्या लढाईत बाण लागलेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) तेथेच होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या विचारपुशीला जात. ज्यांच्या जीवनात हीच सेवावृत्ती दिसते, अशा आपल्या महाराष्ट्रातील एका देशबांधवाचे चरित्र आज पाहू. ते मुस्लिम नव्हते. मात्र पीडितांच्या साहाय्यासाठी मक्केत झालेल्या हिल्फुल फुजूल या कराराचा प्रेषितांनी (स.) पुढेही गौरवच केला. सत्कर्म कोणाच्याही हातून घडो, त्याची कदर करण्याची शिकवण त्यातून मिळते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. मुंबईतील सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. 1937 मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चीनने भारताकडे डॉक्टरांची मदत मागितली. राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक निवडले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस होते. सप्टेंबर 1938 मध्ये हे पथक मुंबई बंदरातून निघाले. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

1939 मध्ये ते येनानला पोहोचले व पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. तेथे पेनिसिलिन नव्हते. रक्त कोणाचे वाहते आहे, कोण थोडा वेळ थांबू शकेल, हे आधी पारखायचे; रक्तस्राव रोखायचा; मग जखमेतील माती, धातूचे तुकडे आणि मृत मांस काढून ती स्वच्छ करायची, असे ते काम. एवढ्याशा जखमेतूनही मृत्यू येई. त्याच आघाडीवरील कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचे बोट शस्त्रक्रिया करताना कापले, विष रक्तात भिनले आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते मरण पावले.

हे ठाऊक असूनही कोटणीस मागे फिरले नाहीत. 1940 च्या एका लढाईत त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. सोबतचे चारही डॉक्टर मायदेशी परतले, ते राहिले. चिनी भाषा शिकून त्यांनी तेथील तरुणांना वैद्यक शिकविले. परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 1942 मध्ये त्यांना पुत्र झाला. मात्र अपस्माराने त्यांना ग्रासले होते. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या जीवनात केवळ दया नव्हती. दयेला इल्मची जोड होती. कळवळा अनेकांना येतो, परंतु न शिकलेला हात जखम वाढवितो. म्हणूनच इमाम गझाली (रह.) यांनी वैद्यकविद्येला फर्ज-ए-किफाया म्हटले आहे. वस्तीत ती जाणणारा एकही नसेल, तर जाब सर्वांनाच द्यावा लागेल.

घाटकोपर, अंधेरीच्या आपल्या दाट वस्त्यांत भाजणे, रेल्वेत पडणे, मुलांचे डोके आपटणे हे नित्याचे झाले आहे. तरीही भाजल्यावर टूथपेस्ट लावली जाते, दुखऱ्या कानात गरम तेल ओतले जाते. वस्तुतः भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा बेशुद्धी आली, अथवा कानातून पू वा रक्त आले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. प्रत्येक गल्लीतील दोन तरुणांनी, एक मुलगा व एक मुलगी, प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले, तर हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू आपल्या मोहल्ल्यात पुन्हा उभा राहील.

अल्लाह आपल्या हातांना इल्म आणि अंतःकरणांना स्थैर्य देवो. आमीन.