गेओर्ग एबरहार्ड रुंफियस

गेओर्ग एबरहार्ड रुंफियस (१६२७ - १५ जून १७०२) हे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आजच्या इंडोनेशियातील अंबोन बेटावरील वनस्पतींचे वर्णन करणाऱ्या 'हर्बेरियम अंबोइनेन्स' या ग्रंथासाठी ते ओळखले जातात.

जीवन

रुंफियस यांचे शिक्षण हानाउ येथे झाले. १६५२ मध्ये ते कंपनीच्या सेवेत आशियाकडे निघाले आणि १६५४ पासून अखेरपर्यंत अंबोन येथे राहिले. व्यापारी अधिकारी म्हणून काम करीत असतानाच त्यांनी वनस्पतींचा अभ्यास सुरू केला. १६७० मध्ये त्यांची दृष्टी गेली. १७ फेब्रुवारी १६७४ रोजी झालेल्या भूकंपात पत्नी सुझॅना मरण पावली. पुढील लेखन त्यांनी लेखनिकांकरवी केले. मुलगा पाउलस याने चित्रे काढण्यास मदत केली.

सुझॅनाचे फूल

पांढऱ्या फुलांचे, जमिनीवर वाढणारे एक रानटी ऑर्किड (आमर) सुझॅनाने त्यांना प्रथम दाखविले होते. वनस्पतींच्या शोधात ती त्यांची पहिली सहकारी होती. तिच्या स्मरणार्थ त्यांनी या वनस्पतीस 'फ्लोस सुझॅने', म्हणजे सुझॅनाचे फूल, असे नाव दिले. कार्ल लिनेयस यांनी १७५३ मध्ये 'ऑर्किस सुझॅने' या नावात ते कायम ठेवले. आज ही जाती 'पेक्टेइलिस सुझॅने' या नावाने ओळखली जाते. फुलाच्या ओष्ठाच्या कडा फणीसारख्या असल्याने, फणी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून प्रजातीचे नाव पडले आहे. याच प्रजातीतील 'पेक्टेइलिस जायगँटिया' सह्याद्रीत आढळते.

ग्रंथाची वाटचाल

जानेवारी १६८७ मधील आगीत ग्रंथाची चित्रे जळाली व ती पुन्हा काढावी लागली. १६९२ मध्ये हस्तलिखित नेणारे जहाज फ्रेंचांनी बुडविले. मात्र गव्हर्नर जनरल योहानेस काम्फुइस यांनी आधीच नक्कल करून ठेवल्याने ग्रंथ वाचला. नवी प्रत १६९६ मध्ये नेदरलँड्सला पोहोचली, परंतु कंपनीने प्रकाशनास परवानगी दिली नाही. अखेर योहानेस बर्मन यांनी १७४१ ते १७५० या काळात तो सहा खंडांत प्रसिद्ध केला. १७५५ मध्ये पुरवणी निघाली. त्यात सुमारे १,२०० वनस्पतींची माहिती आहे. सागरी जीव, शिंपले व खनिजांवरील त्यांचा दुसरा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला.